एक एमएमबीटीयू म्हणजे दीड सिलिंडर: गॅसच्या बातम्या वाचायच्या कशा

खानदेशातला अर्धा गोतावळा सुरतेत. उधना-लिंबायतला राहणाऱ्या काकांकडे पाइपचा गॅस कधीचाच आहे, आणि इकडे धुळे-जळगावात सीएनजी पंपावर रिक्षांची रांग आता नवलाची राहिलेली नाही. म्हणून लग्नकार्यात चार माणसं टेकली की विषय निघतोच: सिलिंडर परवडतो का पाइप? आणि गाडी तिथेच अडते. काका बिल सांगतात एससीएममध्ये, रिक्षावाला सांगतो किलोत, आपल्याला सिलिंडर माहीत नगाने, आणि पेपरात छापलेलं असतं 'प्रति एमएमबीटीयू इतके डॉलर'. एखादे नाना विचारतात, "हाई काय शे रे भो?" मग जो तो पुन्हा जिलेबीकडे वळतो.

पेपरवाल्यांवर माझा राग आहे तो इथे. ही लघुरूपं ते जशीच्या तशी छापतात आणि वाचकाला कळलं असेल असं धरून पुढे जातात. खरं तर गॅस मोजायच्या रीती तीनच: किती जागा व्यापतो, किती वजन भरतं, आणि जाळला तर किती उष्णता देतो. आपण पैसे मोजतो ते या तिसऱ्या गोष्टीसाठी. पहिल्या दोन मापांचं रूपांतर तिसऱ्यात करता आलं की बहुतेक बातम्या उलगडतात.

आधी माल ओळखू

नैसर्गिक गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. ज्यांच्या वाड्यात गोबरगॅसची टाकी होती त्यांनी तो वर्षानुवर्षं जाळलाय, फक्त गोबरगॅसमध्ये मिथेन निम्म्याहून थोडा अधिक असतो आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. तो काढून टाकला आणि गॅस दाबून भरला की त्यालाच सीबीजी म्हणतात. केंद्राने २०१८ साली 'सतत' योजना आणली ती याच्यासाठी.

सिलिंडरमधला एलपीजी हा वेगळा माल. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. हे दोन्ही जरा दाबले की साध्या हवामानातच पातळ होतात, म्हणून टाकी हलवली की आत डचमळतं. मिथेन नुसता दाबून पातळ होत नाही. त्याला उणे १६२ अंशांपर्यंत गार करावं लागतं.

आपली तापी सुरतेपुढे जिथे समुद्राला मिळते, तिथलं हजिरा हे या धंद्यातलं मोठं ठिकाण. मुंबईसमोरच्या समुद्रातल्या वसई क्षेत्राचा गॅस तिथल्या ओएनजीसीच्या प्रकल्पात येतो. त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, म्हणून तो 'सोअर'. तो विषारी भाग काढला की गॅस 'स्वीट' झाला. 'रिच' गॅस म्हणजे ज्यात मिथेनबरोबर इथेन, प्रोपेन असे जड घटक भरपूर आहेत. ते काढून घेतले की उरतो तो 'लीन'. रिच गॅस जास्त उष्णता देतो, एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नावं तीन, गॅस तोच

घरात पाइपने आला तर पीएनजी. दोनशे बार दाबाने गाडीच्या टाकीत कोंबला तर सीएनजी. (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब.) उणे १६२ अंशांना पातळ करून जहाजात भरला तर एलएनजी. पातळ केल्यावर तो सुमारे सहाशेपट कमी जागेत मावतो, म्हणूनच कतारसारख्या देशातून तो समुद्रामार्गे आणणं परवडतं. बंदरावर उतरला की तो पुन्हा ऊब देऊन वायुरूप करतात, त्याला 'रिगॅसिफिकेशन' म्हणतात. गुजरातेत दहेज आणि हजिरा, कोकणात दाभोळ, ही त्याची जवळची टर्मिनल्स. भारतात जळणाऱ्या नैसर्गिक गॅसपैकी जवळपास निम्मा असा बाहेरून येतो.

कापसाचा हिशेब लावून पाहा

ट्रॉलीभर कापूस घेऊन धरणगावच्या जिनिंगवर गेलात तर 'ट्रॉलीला एवढे' असा भाव कोणी देत नाही. सैल भरला तर ट्रॉली लवकर भरते, पायाने तुडवून भरला तर तिच्यातच दीडपट मावतो. म्हणून काटा होतो, भाव क्विंटलला. पण जिनवाल्याचं लक्ष असतं उताऱ्यावर: या क्विंटलमधून रुई ३३ किलो निघेल का ३६? दोन शेतकऱ्यांचं वजन सारखं भरलं तरी उतारा सारखा नसतो.

गॅसची ट्रॉली म्हणजे एससीएम, स्टँडर्ड क्यूबिक मीटर. एक मीटर लांब, रुंद, उंच एवढ्या जागेतला गॅस. तो सैल की तुडवलेला यावर वाद नको म्हणून दाब आणि तापमान आधीच ठरवून ठेवलंय: १५ अंश सेल्सियस आणि समुद्रसपाटीला हवेचा असतो तेवढा दाब. नावातलं 'स्टँडर्ड' ते हेच.

क्विंटलच्या जागी किलो. सीएनजी पंपावर किलोनेच मिळतो. एक किलोत साधारण १.३५ ते १.४ एससीएम भरतात.

आणि उतारा म्हणजे उष्मांक. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागते ती एक किलोकॅलरी. पाइपच्या गॅसच्या एका एससीएममधून साधारण ९ ते १० हजार किलोकॅलरी निघतात, गॅस रिच की लीन यावर थोडं मागेपुढे. जागतिक बाजारात हाच उतारा ब्रिटिश मापात मोजतात: एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापवणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू. असे दहा लाख बीटीयू झाले की एक एमएमबीटीयू, म्हणजेच सुमारे २ लाख ५२ हजार किलोकॅलरी.

आता हे आपल्या मापात आणू. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये साधारण १ लाख ६९ हजार किलोकॅलरी असतात. म्हणजे एक एमएमबीटीयू बरोबर दीड सिलिंडर. पाइपच्या गॅसात मोजलं तर साडेसव्वीस एससीएमच्या आसपास, सीएनजीत १९-२० किलो. हे तीन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवले तरी पुरे.

उष्मांकातही 'ग्रॉस' आणि 'नेट' असे दोन आकडे दिसतात. मिथेन जळताना पाण्याची वाफ होते आणि काही उष्णता त्या वाफेबरोबर निघून जाते. ती धरली तर ग्रॉस, सोडली तर नेट. फरक दहा टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे व्यवहार ग्रॉसवर होतो. वर मीही ग्रॉसच धरलंय, दोन्ही गॅसना एकच माप लावलं म्हणजे झालं. एका गॅसचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट घेऊन 'आमचा कसा स्वस्त' सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला इथेच धरा.

मग मे महिन्यात आपल्याला गॅस कमी मिळतो का?

रास्त शंका आहे, आणि भुसावळ-जळगावकरांनी तर ती विचारायलाच हवी. माप ठरलंय १५ अंशांचं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जाऊन बसतो. तापला की गॅस फुगतो. १५ वरून ४५ अंशांना गेलेला गॅस सुमारे दहा टक्के जास्त जागा व्यापतो. मीटर जागाच मोजत असेल, तर ४५ अंशांच्या एका घनमीटरात गॅस नऊ-साडेनऊ टक्के कमी.

कारखान्यासारख्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या मीटरला दाब आणि तापमान पाहून आकडा दुरुस्त करणारं यंत्र जोडलेलं असतं. घरगुती मीटरांपैकी काहींत तापमानाची दुरुस्ती आतच होते, साध्यात होत नाही. तरी पूर्ण दहा टक्क्यांचा फटका बसत नाही. पाइप जमिनीखालून येतो आणि माती दुपारच्या हवेइतकी तापत नाही. शिवाय स्वयंपाक बहुतेक सकाळी आणि रात्री. हिवाळ्यात पहाटे पारा १५ च्या खाली उतरला की हिशेब थोडा आपल्या बाजूनेही झुकतो. वर्षभराचा ताळेबंद मांडला तर खानदेशात ऊनच जास्त, म्हणून साध्या मीटरवर गिऱ्हाइकाचा किंचित तोटा होतो असं मला वाटतं. उपाय साधा आहे: जोडणी घेताना मीटर पश्चिमेच्या भिंतीवर बसवू देऊ नका, सावलीची भिंत मागा.

दाबाचं मात्र गमतीशीर जमून येतं. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंच, म्हणून हवेचा दाब साधारण २४ मिलिबारने कमी. आणि घरात गॅस येतो हवेपेक्षा साधारण २१ मिलिबार जास्त दाबाने. दोन्ही जवळजवळ फिटतात.

दोन एम कशाला?

रोमन आकड्यांत एम म्हणजे हजार. हजार गुणिले हजार, म्हणून दोन एम म्हणजे दहा लाख. एमएमएससीएमडी म्हणजे रोज इतके दहा लाख घनमीटर. पाइपलाइनची क्षमता, विहिरीचं उत्पादन या मापात सांगतात. एमएमटीपीए म्हणजे वर्षाला इतके दहा लाख टन, आणि ते बहुधा एलएनजी टर्मिनलचं माप. एकात दिवस, दुसऱ्यात वर्ष. एकात जागा, दुसऱ्यात वजन. वर्षाला दहा लाख टन एलएनजी म्हणजे रोजचे साधारण ३६ लाख घनमीटर, एवढं गणित या जोडीला पुरतं.

भाव डॉलरमध्ये का, आणि ठरवतं कोण?

डॉलरमध्ये यासाठी की निम्मा माल बाहेरचा, आणि देशी गॅसचा भावही कच्च्या तेलाच्या भावाला बांधलेला. पण गॅसचा एकच भाव नसतो, इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो.

जुन्या नेमून दिलेल्या क्षेत्रांतून ओएनजीसी आणि ऑइल इंडिया जो गॅस काढतात त्याला एपीएम गॅस म्हणतात: सरकारी सूत्राने भाव ठरणारा. सरकारने नेमलेल्या किरीट पारिख समितीच्या शिफारशींनंतर एप्रिल २०२३ पासून त्याचा एमएमबीटीयूचा भाव भारत घेत असलेल्या कच्च्या तेलाच्या पिंपामागच्या सरासरी भावाच्या १० टक्के ठरला. त्याला खाली ४ डॉलरचा तळ आणि वर ६.५० डॉलरचं छत. छत दोन वर्षं तसंच राहून नंतर दरवर्षी पाव डॉलर वर सरकणार असं ठरलं, म्हणून एप्रिल २०२५ ला ते ६.७५ झालं. हिशेबाला सोपा म्हणून डॉलर ९० रुपयांचा धरा. ६.७५ डॉलर म्हणजे सहाशे-सव्वासहाशे रुपयांच्या घरात, एससीएमला तेवीस रुपये. हा झाला उगमाजवळचा भाव.

घरगुती पीएनजी आणि वाहनांचा सीएनजी यांना हा स्वस्त गॅस आधी मिळतो. पण जुनी क्षेत्रं आटत चालली आणि गिऱ्हाईक वाढत चाललं. २०२४ च्या उत्तरार्धात सीएनजीच्या वाट्याचा एपीएम गॅस कापला गेला आणि ती तूट महाग गॅसने भरावी लागली. जुन्याच क्षेत्रांत नव्या विहिरी खणून काढलेल्या गॅसला १० ऐवजी १२ टक्क्यांचा भाव मिळतो, त्याला 'न्यू वेल गॅस' म्हणतात. तोही या तुटीत घालतात. कच्चं तेल स्वस्त असतानाही सीएनजी का महागला, असं रिक्षावाले विचारत होते. मिश्रणातला स्वस्त भाग कमी झाला, हे त्याचं एक ठळक कारण.

बाहेरून येणारा एलएनजी दोन प्रकारे घेतात. एक, वीस-पंचवीस वर्षांच्या कराराने, जिथे भाव ब्रेंट या कच्च्या तेलाच्या ठराविक टक्क्यांवर बसतो. त्या टक्क्याला 'स्लोप' म्हणतात. स्लोप १२ टक्के आणि ब्रेंट पिंपाला ८० डॉलर असेल तर गॅस एमएमबीटीयूला ९.६० डॉलर. दुसरा 'स्पॉट', म्हणजे त्या वेळच्या बाजारभावाने एकेक जहाज. अमेरिकेतला हेन्री हब, युरोपातला टीटीएफ, जपान-कोरियाचा जेकेएम हे तिकडच्या बाजारभावाचे मापदंड. भारतातही २०२० पासून इंडियन गॅस एक्स्चेंज आहे.

'टेक ऑर पे' म्हणजे न्या, नाही नेला तरी पैसे भरा. करार केलेल्या मालाचा ठराविक हिस्सा उचलला नाही तर त्याचे पैसे चुकवता येत नाहीत. बहुधा तो माल पुढे कधीतरी उचलायची मुभा असते. ऐकायला जुलमी वाटतं. पण विकणाऱ्याने अब्जावधी डॉलर घालून प्रकल्प उभारलेला असतो, गिऱ्हाईक पक्कं नसेल तर त्याला कर्ज देणार कोण? तरी वेळ आली की यातही वाटाघाटी होतात. तेलाचा भाव पडल्यावर स्पॉट गॅस स्वस्त झाला तेव्हा एलएनजी आयात करणाऱ्या पेट्रोनेट कंपनीने कतारचा करारी माल कमी उचलला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये भावाचं सूत्र बदलून घेताना न उचललेल्या मालाचा दंडही माफ करून घेतला. हा करार आता २०२८ पासून पुढच्या वीस वर्षांसाठी वाढवलाय.

हजिऱ्याहून चुलीपर्यंत

हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नवापूर, धुळे, पारोळा, जळगाव, भुसावळ असा आपल्या दारावरूनच जातो. रस्त्यावर टोलनाके लागतात तसे गॅसच्या मार्गावर खर्च लागत जातात. परदेशी माल असेल तर रिगॅसिफिकेशनचा आकार. मग मोठ्या पाइपलाइनचं भाडं. पूर्वी प्रत्येक पाइपलाइनचं भाडं वेगळं आणि एकावर एक चढायचं, त्यामुळे किनाऱ्यापासून जितकं आत तितका गॅस महाग. एप्रिल २०२३ पासून जोडलेल्या जाळ्याला एकीकृत दर आला, तो अंतराच्या टप्प्यांवर.

शेवटी शहरातलं जाळं. त्याला सीजीडी म्हणतात, सिटी गॅस डिस्ट्रिब्युशन. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ जिल्ह्यांचे गट करून लिलावाने कंपन्यांना देतं, आणि त्या गटात ठराविक वर्षं तीच कंपनी विकते. म्हणून सिम कार्डासारखी कंपनी बदलता येत नाही. वर कर. नैसर्गिक गॅस अजून जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने तो १ एप्रिल २०२२ पासून १३.५ टक्क्यांवरून ३ वर आणला. तेवीस रुपयांचा गॅस बिलात कितीतरी मोठा होऊन येतो तो या वाटेने.

बरं, मग सिलिंडर का पाइप?

एका सिलिंडरची उष्णता पाइपच्या साधारण साडेसतरा ते अठरा एससीएममध्ये मिळते. बिलावरचा दर, कर धरून, अठराने गुणा आणि आजच्या सिलिंडरच्या भावाशी ताडून पाहा. एससीएमचा दर ५० असेल तर गुणाकार ९०० येतो. सिलिंडर त्याहून स्वस्त असेल तर पैशाच्या बाजूने सिलिंडर जिंकला. ज्यांना अनुदान मिळतं त्यांनी ते वजा करूनच तुलना करावी. नंबर लावणं, टाकी जिन्याने वर चढवणं या कटकटीची किंमत ज्याची त्याने धरावी. बिलावर दोन महिन्यांचा सरासरी उष्मांक ठळक छापायला हवा असं माझं मत आहे, कारण अठरा हा आकडा त्यावरच हलतो.

'पाइपच्या गॅसला ज्वाला बारीक, भाकरी नीट फुगत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा शेगडीच्या जेटची असते. जेट म्हणजे बर्नरखालचं बारीक भोक. तेवढ्याच जागेत एलपीजीत नैसर्गिक गॅसच्या अडीचपटीहून जास्त उष्णता असते, म्हणून पाइपच्या गॅसला भोक मोठं लागतं. जेट न बदलता शेगडी लावली तर भाकरी रुसणारच. उलटं करू नका: मोठ्या जेटची शेगडी सिलिंडरला जोडणं धोक्याचं.

आणि पाइप फुटला तर?

गल्लीतल्या पिवळ्या-नारिंगी पाइपात दाब साधारण ४ बार असतो, घरात येईपर्यंत तो २१ मिलिबारवर आणतात. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून बाहेर पडणारा दाब ३० मिलिबार, म्हणजे शेगडीपाशी दोन्हींचा दाब कमीच. फरक गळतीनंतर. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड, तो ओट्याखाली, फरशीवर साचतो. मिथेन हवेहून हलका, तो वर जातो आणि झरोका उघडा असेल तर निघून जातो. झरोका पुठ्ठ्याने बंद केला असेल तर मात्र छताशी साचतो. उन्हाची झळ नको म्हणून उन्हाळ्यात आपण नेमकं तेच करतो. वास दोन्हींना मुद्दाम घातलेला असतो, मूळ गॅसला जवळपास वास नसतो.

पंपावर टाकी पूर्ण का भरत नाही?

मोठ्या पाइपलाइनवरचा पंप म्हणजे 'मदर स्टेशन'. पाइपलाइन पोचली नाही तिथे मदर स्टेशनवर भरलेल्या, ट्रकवर बांधलेल्या सिलिंडरांच्या जुडग्यातून गॅस येतो. त्या जुडग्याला 'कॅस्केड' आणि अशा पंपाला 'डॉटर स्टेशन' म्हणतात. कॅस्केड येतं तेव्हा भरपूर दाब असतो. गाड्या भरत जातात तसा तो उतरत जातो. काही ठिकाणी दाब वाढवणारा बूस्टर असतो, तरी संध्याकाळच्या गर्दीत मीटरचा काटा दोनशेच्या आतच थांबतो आणि मुलगा नळी काढून घेतो. पुढचा ट्रक येईपर्यंत रांग हलत नाही.

उन्हाळ्यात तर दोनशे बार भरूनही गाडी कमी पळते. भरताना टाकीतला गॅस तापतो, वर जळगावचं ऊन. तापलेला गॅस कमी वजनातच दोनशेचा दाब दाखवतो. हिवाळ्यात ६० लिटरच्या टाकीत नऊ किलोच्या आसपास बसतो, तेवढा मे महिन्यात बसत नाही. पण भाव किलोला आहे, आणि काट्यावर आलं तेवढ्याचेच पैसे जातात. हेलपाटा मात्र वाढतो. ज्याला जमेल त्याने पहाटे, कॅस्केड नुकतं लागलेलं असताना भरावं.